अण्णाजीनं बसवलेली गिटार

थांबा, हातातलं काम जरा बाजूले ठेवा. हे मले आत्ताच सांगू द्या, जेवणाच्या सुट्टीतच, कारण साहेब परतले का हा टाइपरायटर पुन्हा सरकारचा होते, अन् ही गोष्ट माह्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.

झालं काय, का आत्ता डबा खाता खाता आमच्या हापिसातला एक बाबू, दारव्ह्याचाच, बंद्यायले, म्हणजे साऱ्यायले, ऐकवून राह्यला होता. म्हणे आमच्या गावचे अण्णाजी पेटीवाले म्हणजे साधा माणूस नाही. परदेशी इलेक्ट्रिक गिटार होती, नागपूरच्या लोकायनं हात टेकले होते, अन् अण्णाजीनं ती एका तासात बसवून दिली. सारे जण घास हातात धरून ऐकत होते. माह्या घशात पोळीच अडकली. एका तासात? नऊ दिवस लागले, नऊ. अन् नागपूरच्या एकाबी माणसानं ती गिटार तव्हा पाह्यली नव्हती, तर हात टेकायले कोण गेलतं? मले माहीत आहे, कारण मी तिथंच होती, एका पत्र्याच्या अंतरावर.

पत्रा म्हणजे असा. दारव्ह्याले बाजारात जाताना उजव्या हातानं आमचा टायपिंगचा क्लास, अन् त्याले लागूनच अण्णाजीचं दुकान. मधात भिंत नाही, टिनाचा पत्रा. त्या पत्र्याचा एक खिळा कधीचा पडून गेलता, अन् त्याचं भोक बरोबर माह्या मशीनजवळ आलतं. यात माहा काय दोष? सरायनं मले ज्या मशीनवर बसवलं, तिथं मी बसली.

अण्णाजी दिसाले मोठे भारी. धोतर, वर काळा कोट, वैशाखातबी काळा कोट, अन् काळी टोपी. दुकानावर पाटी होती, 'पेटी, तबला, ग्रामोफोन व इतर सर्व'. त्यातलं 'व इतर सर्व' पेटीपेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरात. अन् दुकानात येत ते बंदं त्या 'इतर सर्व'तच. शिलाई मशीन, टॉर्च, स्टो, छत्र्या. एकदा तर एक माणूस आपल्या बापाची कवळी घेऊन आलता. अण्णाजीनं तीबी ठेवून घेतली. 'मले येत नाही' हे तीन शब्द त्यायच्या तोंडून कोणी ऐकलेच नाही. त्यायचे शब्द वेगळे होते. 'पाहावं लागते' म्हणले का समजायचं, आठ दिवस. 'याचा अभ्यास करावा लागते' म्हणले का त्या वस्तूचं नाव सोडून द्यायचं. कवळीचा अभ्यास मी दारव्हा सोडलं तव्हाबी चालूच होता.

वस्तू कोणतीबी येवो, आधी पालथी. "चोर दारातून येत नसते, खालून येते," असं म्हणत. एका बाईचा स्टो आला, तोबी पालथा, अन् आतलं घासलेट बंदं कोटावर. त्या दिवशी दुकानाच्या आसपास कोणी बिडी पेटवली नाही.

काढलेले स्क्रू ठेवायले डबी नव्हती. टोपी काढून समोर उलटी ठेवायची अन् स्क्रू टोपीत. एकदा दोन पेट्या उघडून बसलते, तितक्यात तहसिलीतले एक साहेब दुकानासमोर थांबले. साहेबासमोर उघड्या डोक्यानं उभं राहणं अण्णाजीच्या घराण्यात नव्हतं. त्यायनं टोपी घातली. स्क्रू कोटावर, धोतरावर, एक तर साहेबाच्या बुटात. दुसरा माणूस असता तर जमिनीत गेला असता. अण्णाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणले, का साहेब, वरूनबी तपासावं लागते. मंग जे स्क्रू भेटले ते दोन्ही पेट्यायमध्ये वाटून टाकले. कोणते कोणाचे, ते देवाले माहीत. तव्हापासून त्या दोन्ही पेट्या वाजता वाजता खोकलत.

अन् इतकं वाटूनबी टेबलावर काही ना काही उरेच. एखादी पत्ती, एखादी कमान, एखादा चामड्याचा तुकडा. दुसऱ्याले भीती वाटली असती. अण्णाजी ते उचलून बिस्कुटाच्या डब्यात टाकत अन् सांगत, का कंपनीवाले जास्तीचं टाकतात, वजन भरलं पाहिजे म्हणून. तो डबा काठोकाठ भरला होता. त्या डब्यातल्या जास्तीच्या मालातून दोन अख्ख्या पेट्या उभ्या झाल्या असत्या.

पण खरा गुण वेगळाच. वस्तू बिघडलेली परत गेली तरी चूक वस्तूची नसे, वस्तूवाल्याची असे. एका कीर्तनकार महाराजायची पेटी अर्धा सूर खाली उतरून आली. महाराजायनं भीत भीत इचारलं. अण्णाजी म्हणले, पेटी जागेवर आहे, तुमचा गळा सरकला, वयानं होते. महाराज बिचारे सज्जन. तव्हापासून खालच्या सुरात गात अन् लोकायले सांगत, आता झालं, म्हातारपण आलं. चाळीस वर्षाचे होते. शाळेच्या पेटीचं तर काय सांगू. तिची एक पट्टी दाबल्याबिगर वाजत राहे, भों करून. हेडमास्तर तक्रार घेऊन आले. अण्णाजीनं त्यायचं अभिनंदन केलं. म्हणे आता शाळेले तंबोरा घ्यायची गरज नाही. दोन सालं बंद्या शाळेनं त्या भोंवर प्रार्थना म्हणली. मीबी म्हणली आहे.

काम चालू असलं का दुकानाच्या तोंडावर पोतं सोडलेलं असे. विद्या उघड्यावर ठेवायची नसते, म्हणत. अन् माणूस पाहून बोलणं बदले. पाटील आले का 'या, बसा'. तांड्यावरचं कोणी आलं का नुसतं 'कायले आला?' पायरीच्या वर बोलावणं नाही.

फुलसिंग आला तव्हाबी तसंच झालं.

महाराष्ट्र होऊन सहा-सात सालं झालती तव्हाची गोष्ट. फुलसिंग बोरी अरबकडच्या एका तांड्यावरचा, माह्याच वयाचा. लग्नाच्या बँडमध्ये बटनाचा बेंजो वाजवे, अन् असा वाजवे का वराती पुढं सरकत नसत. दारव्ह्याच्या मोतीबाग टेसनावर छोट्या गाडीचे एक गार्डसाहेब येत, गोव्याकडले. त्यायच्यापाशी ही गिटार होती. फुलसिंग त्यायच्यापाशी शिकला. साहेबाची बदली झाली तव्हा गिटार यानं घेतली. कशी घेतली ते इचारू नका. त्या साली फुलसिंगच्या घरच्या जोडीतला एक बैल दिसला नाही.

आता ही गिटार कशी होती ते सांगते, नाही तर पुढचं समजणार नाही. साध्या गिटारीत तारा ज्या पट्टीवर बसतात ती लाकडाले पक्की ठोकलेली असते. हिची पट्टी पक्की नव्हती. पोलादाची पट्टी, पुढच्या काठानं स्क्रूवर टेकलेली, बाकी अधांतरी. वरून सहा तारा तिले पुढं ओढत, अन् गिटारीच्या पोटातून तीन स्प्रिंगा तिले मागं ओढत. दोन्हीकडची ओढ सारखी झाली का पट्टी सपाट तरंगे. त्या पट्टीले एक दांडी. दांडी दाबली का साऱ्या तारा एकदम सैल होत, सूर खाली लवे, अन् सोडली का आपोआप जागेवर येये. डोहातल्या पाण्यावर लहर यावी, तसं वाटे.

झालं असं का साहेबाच्या बारीक तारा तुटल्या. एका ट्रकवाल्यानं नागपूरहून आणून दिल्या त्या जाड. जाड तारायची ओढ जास्त. पट्टीची शेपटी वर उचलल्या गेली, दांडी आभाळाकडं, अन् एक सूर जागेवर राहीना. अन् हे नेमकं कव्हा? यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीनं फुलसिंगले सांगतलं होतं, का दहा दिवसांनी दारव्ह्याच्या शारदोत्सवात आमचा कार्यक्रम आहे, त्यात शेवटचं एक गाणं तू वाजव. जमलं तर आमच्यासंगं कायमचा चल. पण लहरवालं पाहिजे, साधं वाजवणारा आमच्यापाशी आहे. म्हणजे त्या दांडीवरच पोराचं बंदं आयुष्य टांगलेलं होतं. दांडी चालली तर यवतमाळ, नाही तर पुन्हा वरातीत बेंजो.

दारव्ह्यात पेटी उघडणारा माणूस एकच. फुलसिंग गिटार छातीशी धरून पायरीवर उभा राह्यला.

अण्णाजीनं गिटार घेतली, पालथी केली, मागचं झाकण काढलं, स्क्रू टोपीत. तीन स्प्रिंगा पाह्यल्या अन् हसले. म्हणे वाद्याच्या पोटात झोपाळा कायले? एक स्प्रिंग काढली, जास्तीची म्हणून डब्यात. फुलसिंग हळूच म्हणला, का जी, ती पाहिजे, गार्डसाहेब सांगत. अण्णाजीनं चष्म्यावरून पाह्यलं.

"पेट्या तू उघडल्या का म्या?"

पोतं खाली पडलं अन् मी भोकाले डोळा लावला.

पेटीवाल्याची एक सवय असते. पेटीत एक सूर घासून जागेवर आणला का तो झाला, त्याच्याकडं पुन्हा पाहायचं नाही, पुढचा घ्यायचा. प्रत्येक सुराचं घर वेगळं. अण्णाजीनं गिटारीले तेच लावलं. पेटीवर सूर धरला, पयली तार जुळवली, झाली. दुसरी जुळवली, झाली. सहावी झाली, अन् ऐटीत सहाच्या सहा वाजवल्या, तर पयली केव्हाचीच उतरलेली. का, तर दर तार ताणली का ती मोकळी पट्टी आणखी पुढं झुके अन् आधीच्या तारा सैल पडत. अण्णाजीले हे दिसलं नाही. त्यायनं पुन्हा पयली घेतली, तर बाकीच्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी एक अख्खं पत्र टाइप करे तितक्यात त्यायचा एक फेरा होये.

मंग आरोप सुरू झाले. आधी तारा बेइमान निघाल्या. मंग व्होल्टेज. म्हणे दारव्ह्याले लाइट कमी-जास्त होते, त्यानं सूर हलते. गिटारीची वायर तव्हा खुंटीवर लटकून राह्यली होती, प्लगातबी नव्हती. मंग पाचव्या दिवशी दोष माह्या माथ्यावर आला. अण्णाजी आमच्या सरायपाशी आले अन् म्हणले, तुमची ही पोट्टी फार जोरात टाइप करते, तिच्या खटखटीनं माह्या तारा उतरतात. सरायनं मले दोन दिवस हळू टाइप करायले लावलं. परीक्षा होती माही. मी हळू हळू टाइप केलं अन् पलीकडं तारा आपल्या उतरतच राह्यल्या.

सातव्या दिवशी पत्र्यामागून ठोकायचा आवाज आला. अण्णाजीनं बाभळीची एक पाचर तासून पट्टीखाली ठोकली. आता पट्टी हलेना, म्हणून तारा उतरेनात. पोतं वर झालं. फुलसिंगनं गिटार घेतली, सूर खरंच जागेवर होते. त्याचा चेहरा फुलला. मंग त्यानं दांडी दाबली. दांडी दगडासारखी.

"जी, ही?"

"ती शोभेची आहे," अण्णाजी म्हणले. "कोटाले वरचं बटन असते. कोणी लावते काय?"

मी भोकातून पाहून राह्यली होती. फुलसिंगच्या तोंडावरचा रंग असा उतरला का त्या तारायनंबी लाजावं. तो म्हणला, दांडीबिगर ते मले घेणार नाही. गिटार जशी आहे तशी द्या, मी पाहतो. आता इथं दुसरा माणूस देऊन मोकळा झाला असता. अण्णाजी म्हणले, का उघडलेली वस्तू म्या आजवर अर्धी परत दिली नाही. दांडीचा अभ्यास करावा लागते.

अभ्यास. मी इकडं कपाळाले हात लावला. कार्यक्रमाले तीन दिवस.

नवव्या दिवशी बाजार होता. फुलसिंग आपल्या आज्याले घेऊन आला. थावराबा. ऐंशीच्या वर असन, पागोटं लाल, हातात काठी, कानात सोन्याची बारीक बाळी. जुन्या काळी त्यायच्या लोकायचे बैलायचे तांडे मीठ, धान्य पाठीवर घालून देशोदेशी जात. ते काम तर कधीच संपलं होतं, आता शेती. पण थावराबा लहानपणी आपल्या बापाच्या बैलायमागं शेवटच्या फेऱ्या चालला होता. म्हाताऱ्याच्या शब्दाले मान देतीन, अशी फुलसिंगची आशा. अण्णाजीनं त्याले पायरी दाखवली.

थावराबा पायरीवर बसला. गिटार समोर पालथी, पोट उघडं, पाचर दिसून राह्यली. तो कितीतरी वेळ पाहतच बसला. वरून किती तारा, इचारलं. सहा. आत किती कमानी, म्हणजे स्प्रिंगा. दोन. त्यानं हात पुढं केला तर अण्णाजी म्हणले, "हात नको लावू, बुढ्या." त्यानं हात मागं घेतला. राग नाही, काही नाही. बसल्या जागेवरूनच बोलला.

"बैलाच्या पाठीवर दोन गोण्या रायते, मास्तर. एक इकडं, एक तिकडं. एक गोणी पुरी भरली अन् मंग दुसरीले हात घातला, तर बैल तव्हाच खाली बसते. म्हून थोडं इकडं टाकाचं, पाठ पाहाची. थोडं तिकडं टाकाचं, पाठ पाहाची. तुमी गोणी पाहून राह्यले. पाठ कोणी पाहूनच नाही राह्यलं."

खरं सांगते, नऊ दिवस मी भोकातून पाहून राह्यली होती, मलेबी हे सुचलं नव्हतं. तारा म्हणजे एक गोणी, स्प्रिंगा म्हणजे दुसरी, अन् मधातली पट्टी म्हणजे बैलाची पाठ. एक एक तार पुरी नाही करायची, साऱ्या थोड्या थोड्या, अन् स्प्रिंगा ताणणारे मागचे स्क्रूबी तितकेच थोडे थोडे.

अण्णाजीचे कान लाल झाले. "हे बैलाचं शास्त्र तांड्यावर चालते," म्हणले. "इथं संगीत आहे. उद्या सकाळी या."

थावराबा उठला, नातवाले आपल्या बोलीत काहीतरी म्हणला. मले त्यातलं 'आचो' एवढंच समजलं, म्हणजे चांगलं. काय चांगलं होतं त्यात? दोघं समोरच्या चहावाल्याच्या बाकावर जाऊन बसले. उठलेच नाही.

पोतं पडलं. क्लास सुटला होता, सर गेलते, मी रिबन बदलायच्या नावानं थांबली. अण्णाजी आधी गिटारीकडं पाठ करून बसले. मंग एकदा पोत्याच्या फटीतून बाहेर पाह्यलं. मंग बिस्कुटाचा डबा उघडला, त्या ढिगातून ती तिसरी स्प्रिंग शोधली अन् जागेवर लावली. पाचर पकडीनं उपसली. तारा साऱ्या सैल केल्या. अन् गुडघे टेकून डोळा त्या पट्टीच्या बरोबरीत आणला. एक एक तार जराशी. मागचे स्क्रू जरासे. पुन्हा डोळा. पुन्हा जरासं. ओठ हलून राह्यले होते. टोपी नाही, कोट काढलेला, कपाळावरचा घाम नाकावरून पट्टीवर पडून राह्यला, अन् अण्णाजी तो धोतरानं इतक्या हळू पुसत का जसं लेकराचं तोंड. मी ज्यायची इतकी टिंगल करून राह्यली, ते अण्णाजी त्या दोन घंट्यात मले आवडले. त्या दोन घंट्यात ते कोणालेच काही सांगून राह्यले नव्हते.

मंग त्यायनं कोट घातला.

पोतं वर करून चहावाल्याकडं हाक मारली. फुलसिंग धावत आला. दांडी दाबली. सूर खाली लवला, अन् सोडल्यावर जसा गेलता तसा घरी आला. फुलसिंगनं पुन्हा दाबली. पुन्हा आला. तो पायरीवरच खाली बसला. थावराबा सूर ऐकतच नव्हता, तो वाकून नुसती पट्टी पाहून राह्यला होता.

अन् आता ऐका. अण्णाजीनं थावराबाले, त्याच थावराबाले, बोट दाखवून समजवायले सुरुवात केली. "पाहा बाबा, हे असं असते. एका बाजूले भार टाकला का दुसऱ्या बाजूले टाकावं लागते. थोडं इकडं, थोडं तिकडं. शेवटी अभ्यासच कामी येते."

थावराबानं मान हलवली. "व्हय का," म्हणला.

मी पत्र्यावर मूठ मारणार होती. मारली नाही.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, शाळेच्या पटांगणात, दुपारी तीनले. पार्टीले सहाच्या एस.टी.च्या गाडीनं यवतमाळले परतायचं होतं म्हणून दुपारचाच ठेवला. मंडळात पाणी द्यायचं काम माह्याकडं, म्हणून मी स्टेजच्या मागं. पार्टीचे मुख्य, जाड चष्म्याचे गृहस्थ, त्यायनं फुलसिंगची गिटार हातात घेतली, दांडी दाबून पाह्यली, अन् भुवया वर गेल्या. इचारलं, ही इतकी नेमकी बसवली कोणी?

फुलसिंगनं आज्याकडं पाह्यलं. तोंड उघडलं. तितक्यात थावराबानं त्याच्या दंडाले धरलं अन् हळूच म्हणला, "नाव त्याले देऊन टाक. बैल आपला हाय."

फुलसिंगनं नाव देऊन टाकलं. मुख्य खूश. म्हणले अशा कारागिराचा सत्कार व्हायलेच पाहिजे. मंडळवाले धावले. अन् फुलसिंगच्या गाण्याच्या आधी, सव्वापाच वाजता, अण्णाजी पेटीवाले स्टेजवर चढले, काळा कोट, गळ्यात हार, हातात नारळ. कोणीतरी शहाण्यानं त्यायच्या हातात माइक देल्ला. दोन शब्द बोला.

दोन शब्द. अण्णाजी आपल्या पणज्याच्या पयल्या पेटीपासून सुरू झाले. साडेपाचले ते आज्यापर्यंत आले. म्हणे आमच्या घराण्यात एक पद्धत आहे, समतोलाची, ती बापानं लेकाले कानात सांगायची असते. थावराबा समोर खाली सतरंजीवर बसून ऐकून राह्यला होता. ड्रमवाल्यानं ड्रमाची खोळ काढून मांडीवर घेतली. पावणेसहाले अण्णाजी व्होल्टेजवर आले. मुख्यायनं घड्याळ पाह्यलं, फुलसिंगकडं पाह्यलं, अन् हातानंच खूण केली, का राहू दे पोरा, पुढच्या साली पाहू.

मी पाण्याचा जग हातात घेऊन उभी. पुढच्या साली कोण कुठं असते?

फुलसिंग स्टेजवर पुढंच गिटारीची वायर जोडून बसलता, तो उठला नाही. बसल्या जागेवर त्यानं सहाच्या सहा तारा एकदम छेडल्या अन् दांडी पार खाली दाबली. भोंग्यातून तो सूर असा लवत गेला, असा लवत गेला, का अण्णाजीचं वाक्य मधातच बुडालं. अन् मंग त्यानं दांडी सोडली अन् सूर वर आला. लोकायले वाटलं भाषण संपलं. टाळ्या पडल्या. ड्रमवाल्यानं खोळ फेकली अन् ताल धरला.

अण्णाजी अडकले. मागं ड्रम, समोर गिटार, बाजूले वायरायचं जाळं, उतरायले जागाच नाही. ते अख्खं गाणं माइक छातीशी धरून, हार घालून, स्टेजच्या मधोमध उभे राह्यले. मी त्यायच्याकडंच पाहून राह्यली होती. दांडी दाबली का त्यायची मान खाली जाये, सोडली का वर येये. त्यायले स्वतःले ते माहीत नसावं.

गाणं संपलं. मुख्य नुसतं म्हणले, "सहाची गाडी आहे. कपडे आहेत काय संगं?"

"नाही जी."

"मंग तसाच चल."

अन् गेला तो, तसाच, गिटार छातीशी धरून, पार्टीच्या लोकायमागं स्टँडकडं धावत. थावराबा काठी टेकत त्यायच्या मागं, जितकं धावता येईन तितकं.

मी जग ठेवून वळली तर स्टेजवर अण्णाजी होतेच. भोंगेवाल्यानं माइकची वायर काढून घेतली होती. सतरंजी गुंडाळणारा त्यायच्या पायापाशी येऊन थांबला अन् म्हणला, काका, पाय. अण्णाजीनं एक पाय उचलला, मंग दुसरा उचलला, अन् त्या मुक्या माइकात बोलतच राह्यले. त्यायच्या बापापर्यंत आलते आता. पटांगणात ऐकायले खुर्च्या उचलणारे दोन जण अन् मी.

त्याच महिन्यात मले इथं नोकरी लागली. त्यानंतर मी अण्णाजीले पाह्यलं नाही, अन् मगाशी डब्यापाशी, तोंडात पोळी असताना, मीबी एक शब्द बोलली नाही. साहेबाच्या चपला जिन्यात वाजून राह्यल्या, म्हणून पटकन इचारून घेते. तुम्ही सांगतलेली गोष्ट कोणी तुमच्याच तोंडावर, तुम्हालेच पायरीवर बसवून, तुम्हाले शिकवली आहे काय कधी? अन् तव्हा तुम्ही काय केलं?